भांडणाचा तास

कुंदाबाई आमच्या शाळेवर आल्या सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये, आणि मला त्या पहिल्या दिवसापासून पटल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले की लोक म्हणतील, मोतीलाल गुरुजी म्हातारपणी मऊ झाले. मी मऊ झालेलो नाही. माझा आवाज अजून दोन गल्ल्या ओलांडून जातो, बायकोला विचारा.

सावद्यापासून सात किलोमीटरवरचं गाव. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून तिथेच राहतात. गावाच्या चारी अंगांना केळीच्या बागा. गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आणि आम्ही तीन शिक्षक. पहिली-दुसरी कौतिक गुरुजींकडे, तिसरी माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकपणाही माझ्याचकडे. चौथी बाईंकडे. तिसरी आणि चौथी एकाच लांब खोलीत बसत, मध्ये फळ्यांचा आडोसा. तिकडे बाईंनी बडीशेप चावली तरी मला इकडे ऐकू यायचं.

बाई भडगावच्या, डी.एड. धुळ्याला झालेल्या. उंच, किडकिडीत, वय पस्तिशीच्या आत. नवरा भडगावला शिंपीकाम करायचा आणि महिन्यातून दोनदा येऊन जायचा. बोलणं शुद्ध, पण वर्गात गोंधळ झाला की तोंडातून गिरणाकाठची बोली निघायची, "बठ्ठा गप बसा रे!" आमच्या लेवापाटलांच्या पोरांना 'सगळे'चं ते 'बठ्ठा' ऐकून गंमत वाटायची आणि ती खरंच गप बसायची. मला पोरं गप बसवायला छडी लागायची. पटलं नाही त्याचं एक कारण हेही असेल.

त्या आल्या त्याच वर्षी दिवाळीनंतर चौथीतल्या एका पोराने दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घातली. पाटी फुटली आणि डोकंही थोडं फुटलं. मी दोघांना चार-चार छड्या दिल्या आणि विषय संपवला. बाईंनी तो संपू दिला नाही. शनिवारी सकाळची शाळा, अकराला सुटायची. शेवटचा एक तास त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "भांडण का झालं ते सांगायचं. पण आपली बाजू नंतर. आधी दुसऱ्याची बाजू सांगायची, आणि तो 'हां, असंच' म्हणेपर्यंत सांगायची. तो म्हणाला, 'असंच नाही', तर पुन्हा."

पोरं आधी हसली. मग ज्याने पाटी मारली होती तो दुसऱ्याची बाजू सांगता सांगता मध्येच थांबला आणि रडायला लागला. त्या दिवसापासून दर शनिवारी दहा ते अकरा हा प्रकार सुरू झाला. पोरांनीच त्याला नाव दिलं, भांडणाचा तास.

मी म्हटलं, "बाई, कोर्टच उघडा की. काळा कोट शिवून घ्या."

"शिवून देणारा घरातच आहे गुरुजी," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. भागाकार आपण शिकवतो, नद्यांची नावं शिकवतो. राग आला तर त्याचं काय करायचं, हे कितवीच्या पुस्तकात आहे?"

"ते घरी शिकतात," मी म्हटलं.

"घरी काय शिकतात ते बघतोच आपण," बाई म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. मला उत्तर सुचलं ते संध्याकाळी, आणि तेही काही फार चांगलं नव्हतं.

त्या तासाला एकच हमी होती. बाईंनी पोरांना शब्द दिला होता, की या तासात जे बोलाल त्यापायी कुणालाही मार बसणार नाही, शाळेतही नाही आणि घरीही नाही. शाळेतलं ठीक आहे. घरचा शब्द त्या कशाच्या जोरावर देत होत्या, ते मला तेव्हा कळत नव्हतं. पोरांना मात्र तो शब्द पक्का वाटायचा. मी आडोशामागे तिसरीला शुद्धलेखन घालता घालता दीड वर्ष तो तास ऐकला, आणि एकदाही परवानगीचा प्रश्न काढला नाही. हे लक्षात ठेवा.

आता एकोणनव्वदच्या मार्चकडे येतो. होळी चार-पाच दिवसांवर होती.

गावात जीवराम आणि चुडामण हे चुलतभाऊ. दोघांच्या बागांना मिळून एक विहीर, आणि पाण्याची पाळी ठरलेली. जीवराम अबोल माणूस. बोलताना अडखळायचा, म्हणून चारचौघांत तोंडच उघडायचा नाही. चुडामणला बोलायला माणसं कमी पडायची. त्या बुधवारी रात्री चुडामणच्या बागेतली दोनशे झाडं कुणीतरी विळ्याने कापून आडवी केली. नुकती निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळी. आमच्या भागात एखाद्याचा सूड घ्यायचा तर माणसाला हात लावत नाहीत, त्याची केळी कापतात. वर्षभर पोसलेलं झाड एका घावात जातं आणि कापणाऱ्याचा मागमूस राहत नाही.

गुरुवारी सावद्याहून पोलीस आले आणि त्यांनी कय्युमला नेलं. कय्युम केळी कापणीच्या टोळीतला मजूर. आठवड्यापूर्वीच चुडामणने त्याला कामावरून काढलं होतं आणि दोघांची बाचाबाची झाली होती. घरात विळा सापडला, आणि सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग. आता केळीच्या मजुराच्या घरात विळा नाही तर काय वीणा सापडणार? आणि चिकाचे डाग आमच्याकडे कुणाच्या कपड्यावर नाहीत? माझ्या स्वतःच्या धोतरावर होते. पण गावाला उत्तर मिळालं होतं आणि गाव गप्प बसलं. मीही बसलो.

कय्युमची मुलगी जैनब चौथीत. चुडामणचा मुलगा भटू चौथीत. आणि जीवरामची हेमलताही चौथीत, जैनबच्या शेजारी बसणारी. शुक्रवारी भटूने जैनबचं दप्तर खिडकीतून बाहेर फेकलं आणि "चोराची पोर" म्हणाला. हेमलता जागा बदलून बस्करपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. जैनबला दप्तरापेक्षा त्याचंच जास्त लागलं असावं. तिने दप्तराकडे नाही, हेमलताकडे पाहिलं.

शनिवारी दहा वाजता भांडणाचा तास सुरू झाला, आणि मी हातातला खडू खाली ठेवला. तिसरीची पोरंही आपोआप गप्प झाली.

बाईंनी भटू आणि जैनबला समोर बसवलं. जैनबने सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द ऐकू येत होता.

"भटूचं म्हणणं असं, की त्याच्या बाबानं ती केळी लेकरावानी वाढवली. घड कोवळे व्हते, ते आता विकता बी येत नाही अन् खाता बी येत नाही. त्याची आई दोन दिवस जेवली नाही. भटू शाळेत आला तं त्याले कोणी विचारलं बी नाही. म्हणून त्यानं माझं दप्तर फेकलं."

मग भटूचा चिरका आवाज, "हां, असंच."

"आता तू," बाई म्हणाल्या.

भटूने नाक ओढलं. "तिच्या अब्बाले पोलिसांनी नेलं. तिच्या घरी चूल नाही पेटली. तिले वाटते, तिच्या अब्बानं नाही कापली."

"वाटत नाही," जैनब म्हणाली. "त्यानं नाहीच कापली. असंच नाही."

"पुन्हा सांग भटू."

"मी नाही सांगत. त्यानंच कापली!"

"असंच नाही!"

दोघंही उठून उभी राहिली असावीत, कारण बाईंचा आवाज चढला. आणि मग बस्करपट्टीच्या टोकाकडून तिसरा आवाज आला.

"बाई, माझं बी भांडण हाये."

"कुणाशी, हेमलता?"

"बाबाशी."

इथे थांबवायला हवं होतं. माझं आजही तेच मत आहे. घरचं भांडण घरी, इथे फक्त वर्गातलं, एवढं बाई म्हणाल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बाई म्हणाल्या, "बरं. मग नियम माहीत आहे. आधी बाबांची बाजू."

मी फळीच्या फटीतून पाहिलं. हेमलता उभी होती, हात पाठीमागे बांधून, कविता म्हणायला उभी राहावी तशी.

"बाबाचं म्हणणं असं, की पाण्याची पाळी आमची व्हती. चुडामण काकानं मोटरीचा फ्यूज काढून घरी नेऊन ठेवला. असं तीन पाळ्या झालं. बागाले पाणी नाही. बाबा रोज बागात जाये, अन् वाळलेलं पान हातात धरून उभा राहे. पंचाइतीत बोलाले गेला, तं त्याले बोलता नाही आलं. सगळे हसले. एक जण म्हणे, जीवराम, तू लिहूनच आण. मंग बाबा इहिरीच्या काठावर बसून रडला. मी भाकर घेऊन गेली व्हती, मी पाह्यलं. मंग बुधवारी रात्री बाबानं विळा घेतला."

एवढं बोलून तिने श्वास घेतला आणि विचारलं, "आता माझी बाजू सांगू?"

बाईंनी मान डोलावली.

"जैनबच्या अब्बाले सोडून द्या. त्यानं काहीच नाही केलं."

भटूने खिडकीतून उडी मारली आणि तो धूम घराकडे पळाला.

मी आडोसा ओलांडून तिकडे गेलो. "बाई, काय करून ठेवलंत हे? पाच मिनिटांत चुडामणकडे खबर जाईल. पोरगी तापात बरळली म्हणून सांगू. शाळा सोडून देतो, हिला घरी धाडा."

"घरी?" बाई म्हणाल्या. "आत्ता?"

"मग काय इथे ठेवणार?"

"मी शब्द दिलाय तिला, गुरुजी."

"पोरांना दिलेला शब्द! त्याच्यापायी डोकी फुटतील इथे."

बाईंनी हेमलताला जैनबच्या शेजारी बसवलं, अगदी फळ्याखालच्या कोपऱ्यात. बाकीच्या पोरांना भिंतीला टेकून बसायला सांगितलं. मग दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार चांगलं दोन माणसं मावतील एवढं रुंद होतं. तरी त्या मधोमध उभ्या राहिल्या नाहीत, एका कडेला चौकटीला खेटून उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "कौतिक गुरुजींना सांगतो, लहान पोरं मागच्या वाटेने काढा म्हणून." ते सांगायला अर्धं मिनिट लागलं. त्यानंतर मी माझ्या तिसरीलाही त्याच वाटेने लावून दिलं आणि हजेरीपट, शिक्के, दाखल्यांची वही अंगणाच्या कडेला असलेल्या कार्यालयाच्या कपाटात ठेवून कुलूप लावायला गेलो. आता विचार करा, गावात विळे निघायची वेळ आली आहे आणि हा माणूस शिक्के कुलपात ठेवतोय. पण ठेवले. आणि मग कार्यालयाच्या गजांतून बाहेर पाहत उभा राहिलो.

आधी जीवराम आला. बाग शाळेच्या मागेच, कुणीतरी त्याला बांधावरून ओरडून सांगितलं असावं. हातात विळा होता. तो मारायला आणला होता की पानं कापता कापता हातात राहिला होता, ते मी सांगू शकत नाही. त्यालाही सांगता आलं नसतं.

"पो... पोरगी द्या," तो म्हणाला.

"देते, जीवरामभाऊ. विळा खाली ठेवा."

"आ... आख्ख्या गावाले सांगितलं तिनं! बा... बापाले..." पुढचा शब्द येईना. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि शब्दाऐवजी विळ्याचा हात वर गेला. मारायला नव्हता गेला. शब्द बाहेर काढायला तो नेहमी हात उचलायचा, गावाला ठाऊक होतं. पण त्या हातात विळा होता आणि समोर बाई होत्या.

त्याच वेळी फाटकातून चुडामण आत आला. पाठीमागे पाच-सहा जण, दोघांच्या हातात काठ्या. भटू सगळ्यांत मागे. मी फक्त एवढं बघत होतो, की काठ्या आणि विळा यांच्यात पंधरा पावलांचं अंतर आहे आणि त्यांच्या पलीकडे दारात एक किडकिडीत बाई.

बाईंनी चुडामणकडे पाहिलंच नाही. त्या जीवरामशी बोलत राहिल्या.

"तिनं काय सांगितलं ते ऐकलंत का तुम्ही?"

जीवरामने मान हलवली, नाही.

"मग ऐका. मी शब्दाला शब्द सांगते. ती म्हणाली, पाण्याची पाळी आमची होती. मोटरीचा फ्यूज काढून नेला. तीन पाळ्या बागेला पाणी नाही." बाईंचा आवाज स्थिर होता, हजेरी घेताना असायचा तसा. "बाबा रोज वाळलेलं पान हातात धरून उभा राहायचा. पंचायतीत बोलायला गेला, तर त्याला बोलता आलं नाही. सगळे हसले."

चुडामणबरोबरच्या एकाने पायाने माती उकरली. हसणाऱ्यांत तो होता. खरं तर त्या पंचायतीत मीही बसलो होतो. मी मोठ्याने हसलो नव्हतो.

"मग बाबा विहिरीच्या काठावर बसून रडला. मी भाकर घेऊन गेले होते, मी पाहिलं."

विळा हळूहळू खाली आला.

"मग बुधवारी रात्री बाबानं विळा घेतला. जीवरामभाऊ, ही तुमची बाजू. तुमच्या पोरीने आपली बाजू सांगायच्या आधी तुमची सांगितली. असंच ना?"

सगळं अंगण त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतं. "हां" म्हटलं तर गुन्हा कबूल. "नाही" म्हटलं तर पाणी, पाळी, पंचायत, रडणं सगळं खोटं, आणि ते इतक्या नीट पुन्हा कुणी कधी सांगणार नव्हतं. त्याच्या ओठांची हालचाल मला गजांतून दिसत होती. एकदा, दोनदा. शब्द येईना.

"हां," तो शेवटी म्हणाला. "अ... असंच."

काठीवाले पुढे सरकले. बाई तेव्हा पहिल्यांदा चुडामणकडे वळल्या. "चुडामणभाऊ, फ्यूज कुठे आहे?"

"कोणता फ्यूज? बाई, तुम्ही शाळा शिकवा!"

"कोनाड्यात हाये, बाबा," मागून भटू म्हणाला. "देवाच्या फोटोमागं."

त्या पोराला आपण बापाविरुद्ध बोललो असं वाटलंच नसेल. विचारलं ते सांगितलं, वर्षभराची सवय. चुडामण वळला, हात उगारला, आणि त्याच्या लक्षात आलं की भिंतीला टेकलेली सगळी चौथी उठून खिडक्यांशी आली आहे आणि त्याच्या हाताकडे बघते आहे. त्याने तोच हात डोक्यावरून फिरवून टोपी नीट केली. काठीवाल्यांना आता काय करावं ते समजेना.

जीवरामने विळा शाळेच्या पायरीवर ठेवला. दाराच्या रिकाम्या बाजूने तो आत डोकावला आणि एकही अक्षर न अडखळता म्हणाला, "हेमा, घरी जाय. मायले सांग, मी सावद्याले चाललो." आणि तो चालत फाटकाबाहेर गेला. चुडामणच्या माणसांनी त्याला वाट दिली.

रविवारी संध्याकाळी कय्युम लंगडत घरी आला. जीवरामवर खटला झाला, पुढे भाऊबंदांनी मिटवला. हेमलताला मार बसला नाही. त्यासाठी बाई होळी होईपर्यंत चार दिवस जीवरामच्या घरी, तिच्या आईशेजारी राहिल्या. घरचा शब्द त्या कशाच्या जोरावर देत होत्या, ते मला त्या चार दिवसांत कळलं. कुठला जोर नव्हताच, त्या स्वतः जाऊन बसायच्या.

आणि मग गावाने बाईंविरुद्ध अर्ज दिला. एक्केचाळीस सह्या. फक्त चुडामणच्या बाजूच्या नाहीत, सगळ्या आळ्यांतल्या. "सदर शिक्षिका मुलांकडून घरातल्या खाजगी गोष्टी काढून घेतात." प्रत्येकाच्या घरात काहीतरी होतंच, आणि प्रत्येकाला एक पोरगं होतं. अर्ज विस्तार अधिकारी साहेबांकडे गेला आणि मुख्याध्यापकाच्या अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. मी सुंदर अक्षरात लिहिलं, "सदर तास अभ्यासक्रमात नाही. त्यास माझी परवानगी नव्हती." सही केली आणि कुलपातला शिक्का काढून मारला.

जूनमध्ये बाईंची बदली झाली, चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर. जाताना त्या कार्यालयात आल्या. अभिप्राय त्यांनी वाचला होता. "शनिवारचा तास चालू ठेवा गुरुजी," एवढंच म्हणाल्या. मी त्या तासाला पावकी-निमकी पाठ करून घ्यायला लागलो. चौथीची नवी पोरं पहिले काही शनिवार दहा वाजले की माझ्याकडे बघत राहायची. मग त्यांनी ते सोडून दिलं.

पंच्याण्णवला मी निवृत्त झालो. दुसऱ्या वर्षी सावद्याच्या बसस्टँडवर एक कॉलेजातली मुलगी पाया पडली. हेमलता. तिच्याबरोबर जैनब होती, डोक्यावर ओढणी, हातात शिवणक्लासची पिशवी. "गुरुजी, कुंदाबाई कुठी हाये सध्या?" हेमलताने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं. घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी चोपड्याची एस.टी. धरली. तिथे रात्र काढून सकाळी जीपने पाड्यावर गेलो. दहा वाजून गेले होते. एका खोलीची शाळा, पावरा आदिवासी पोरं गोल करून बसलेली, आणि मध्ये बाई. केस पिकले होते. मला दारात बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही.

"या गुरुजी. भांडण आणलंय का?"

"आणलंय," मी म्हटलं.

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

त्यांनी बस्करपट्टीवर समोर जागा केली. "नियम माहीत आहे तुम्हाला. आडोशामागून ऐकलाय."

मी मांडी घालून बसलो. गुडघे वाजले, पोरं हसली. मग मी बाईंची बाजू सांगितली. तुम्ही आत्तापर्यंत वाचलीत ती तीच आहे. पाटी, शब्द, जैनब, हेमलता, विळा, अर्ज, अभिप्राय, सगळं. सांगता सांगता माझाच आवाज मला अनोळखी वाटायला लागला. शेवटी म्हटलं, "बाई एकट्या दारात उभ्या राहिल्या, आणि जराही घाबरल्या नाहीत. असंच ना?"

"असंच नाही," बाई म्हणाल्या.

मी थांबलो. पोरांनी माना वर केल्या.

"मी घाबरले होते गुरुजी. पाय लटपटत होते, म्हणून चौकटीला खेटले होते. आणि दाराची एक बाजू मोकळी ठेवली होती, ती का ते तुम्ही सांगितलं नाही."

मला ते दार आठवलं, आणि त्यांचं ते एकदा बघणं. मी ते बघणं सात वर्षं कधी हुकूम समजत होतो, कधी टोमणा समजत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा सांगायला लागलो. "कुंदाबाईंचं म्हणणं असं, की त्या घाबरल्या होत्या. त्यांना वाटलं, मोतीलाल गुरुजी शेजारी येऊन उभे राहतील. म्हणून त्यांनी जागा ठेवली होती. गुरुजी आले नाहीत."

"हां," बाई म्हणाल्या. "असंच. आता तुमची बाजू सांगा."